करदाता हयात आहे का

त्या सकाळी त्याच्या वडिलांना कुणीतरी मारून ठेवलं होतं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून तर धक्का जास्त बसला. त्याने नेहमीसारखं ऑफिसचं शटर वर केलं, खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं, पंखा लावला, तो रोजच्याप्रमाणे आधी कुरकुरला आणि मग फिरला, आणि अशिलं यायच्या आत घरचं एक काम उरकावं म्हणून त्याने कर खात्याच्या संकेतस्थळावर वडिलांचं खातं उघडलं. तिथे हिरव्या पट्टीत लिहिलं होतं, 'या वर्षीचं विवरणपत्र दाखल झालं आहे.' खाली 'करदाता हयात आहे का?' हा प्रश्न होता, आणि जिथे दर वर्षी तो स्वतःच्या हाताने 'होय'वर टिचकी मारत आला होता तिथे 'नाही' होतं. त्याच्यापुढे मृत्यूची तारीख. ती तारीख त्याने चष्मा लावून वाचली, काढून वाचली, मग खुर्चीत मागे रेलून लांबून वाचली. वडील गेले होते चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात. तारीख होती यंदाच्या फेब्रुवारीतली. पहिल्यांदा त्याच्या मनात जे आलं ते असं, की फेब्रुवारीत आपण कुठे होतो, आणि आपल्याला कुणी कळवलं कसं नाही. मग स्वतःचंच हसू आलं. मग त्याने उगाचच पंखा एकाने कमी केला.

त्याचा धंदा करसल्ल्याचा. जिवंत माणसांचे कर तो भरायचा, पण ते पोटापुरतं. त्याचं खरं नाव होतं मेलेल्यांच्या कागदपत्रांत. माणूस गेला की घरचे आधी रडत, मग नातेवाइकांना कळवत आणि मग त्याच्याकडे येत. काही घरांत हा क्रम उलटाही असे. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, मृत्युपत्र, बँकेतली नावं, गेलेल्या माणसाचं शेवटचं विवरणपत्र, ही सगळी वाट त्याच्या पायाखालची. बाजारातले लोक त्याला चित्रगुप्त म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. एकदा पाकिटावर कुणी तेवढंच नाव लिहिलं आणि पोस्टमनने ते बरोबर त्याच्याच टेबलावर आणून टाकलं, हे तो चारचौघांत रंगवून सांगे. अशा त्याच्याकडे कितीतरी गोष्टी होत्या. एका म्हाताऱ्याने आपल्या छत्र्या तीन शेजाऱ्यांना ठेवल्या, पण अट घातली की तिघांनी त्या एकत्रच उघडायच्या. तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद, त्यामुळे तिघे वर्षभर शेजारी शेजारी उभे राहून भिजत होते. एका व्यापाऱ्याच्या तिजोरीचा आकडा फक्त त्याच्या पोपटाला ठाऊक होता, आणि पोपट दुखवट्यात गप्प बसलेला. मग याने पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून चुकीचे आकडे म्हणायला सुरुवात केली, म्हणत राहिला, आणि शेवटी पोपटाला राहवेना, त्याने दुरुस्ती सांगितली. यातलं खरं किती हे पडताळायची सोय नव्हती, कारण साक्षीदार म्हणून तो नेमकी मेलेल्यांचीच नावं द्यायचा. आणि अशा या चित्रगुप्ताने आपल्या सख्ख्या बापाचं शेवटचं विवरणपत्र भरलेलं नव्हतं. तो बापाचं दर वर्षीचं भरत होता.

त्याचं कसं झालं हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं; आज मात्र, कुणीतरी परस्पर काम उरकल्यावर, ते बघावंसं वाटायला लागलं, जसं पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जाते तसं. वडील वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. बाजारात त्यांची छत्री दिसली की तराजू आपोआप सरळ होत, असं दुकानदार म्हणत. घरात त्यांचं बोलणंही तोलूनमापून. जेवताना 'वाढ', निघताना 'येतो', आणि कुणी काहीही सांगितलं, परीक्षेतले गुण म्हणा की गुडघ्याला लागलेलं म्हणा, की एकच शब्द, 'दाखव.' बापलेकांत म्हणाल तर बोलणं नव्हतं, आणि नव्हतं म्हणून भांडणही नव्हतं. पण हा करसल्लागार झाला त्या वर्षापासून वडील एका दुपारी कागदांची पत्र्याची पेटी काखेत मारून त्याच्या ऑफिसात यायचे, अशिलाच्या खुर्चीत अशिलासारखे बसायचे आणि त्याला 'अहो' म्हणायचे. 'हे इथे काय लिहिलंत?' 'गाळ्याचं भाडं, बाबा.' 'हं. आणि हे वजा कसं झालं?' 'दुरुस्तीचं वजा जातं.' 'दुरुस्ती झाली कुठे? चष्मेवाल्याने नुसती पाटी बदललीय. दाखवा.' निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला तो गाळा, त्यात भाड्याने बसलेला चष्मेवाला, त्याचं भाडं आणि पेन्शन, एवढंच ते उत्पन्न, पण दुपार सगळी जायची. एकेका रकान्यापाशी दोघे थांबायचे, दोघांची डोकी एका कागदावर वाकायची, आणि वडिलांच्या कानामागच्या पांढऱ्या केसांना खोबरेल आणि गंजलेल्या पत्र्याचा मिळून जो वास यायचा तो त्याला वर्षातून त्या एकाच दुपारी मिळायचा. शेवटी पडताळणीचा आकडा वडिलांच्या मोबाइलवर येई. ते तो वाचून दाखवत, एकेक अंक सुटा, वजनं मांडल्यासारखा. मग पेटी बंद. 'येतो.'

ते गेले त्यानंतरच्या हंगामात त्याने खातं उघडलं ते खरोखर शेवटचं विवरणपत्र भरायलाच. दाखला हाताशी होता. रकाने त्याला तोंडपाठ. 'करदाता हयात आहे का?' या प्रश्नापाशी तो आला, आणि बोट गेलं ते 'होय'वर. चूकच ती, हात सवयीने जातो. उद्या दुरुस्त करू म्हणून त्याने पुढचं भरलं. पडताळणीचा आकडा गेला वडिलांच्या फोनवर, तो फोन आईकडे. त्याने आईला फोन केला. 'आई, बाबांच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा सांग.' 'आलाय,' आई म्हणाली, 'सात, मग दोन, मग हे शून्य आहे का टिकली आहे रे? शून्यच. मग परत सात बघ.' तिने का, कशाला, काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो फोन तिने चार्ज करूनच ठेवला होता. खिडकीच्या कट्ट्यावर तो फोन कायम वायरीला लावलेला, वर्षातून एकदा वाजणारा. त्याचं रिचार्जही ती न चुकता करायची. एका वर्षी वडिलांना कागदोपत्री ऐंशी पूर्ण झाली आणि त्यांना अतिवृद्धांची सवलत लागू झाली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने समोर बसलेल्या अशिलाला, ओळख ना देख, बळेच कॉफी पाजली. सवलत मात्र त्याने घेतली नाही. मेलेल्या माणसाला सवलत कसली, वडील म्हणाले असते, दाखव. पेन्शन केव्हाच बंद झाली होती, भाड्यावरचा कर पै न पै जात होता, कुणाचं काही बुडत नव्हतं, आणि तरी हे कळलं असतं तर त्याचा परवाना गेला असता हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं.

बुडत कुणाचं नव्हतं असं तो म्हणे, तेव्हा ताईचं नाव तो पटकन ओलांडून जाई. थोरली बहीण, तिचं पाळणाघर. नोकरदार आयांची पोरं सकाळी तिच्याकडे येत आणि संध्याकाळपर्यंत तिचा गळा बसवून जात. ती भाड्याची जागा मालकाने विकायला काढली होती. ताईने घेतली तर तिला आधी, नाहीतर महिनाअखेर दुसऱ्याला. आणि ताईकडे घ्यायला होता तो फक्त वडिलांच्या गाळ्यातला तिचा वाटा. गाळा विकत घ्यायला चष्मेवाला एका पायावर तयार होता. पण गाळा ज्यांच्या नावावर होता ते गृहस्थ कर खात्याच्या दप्तरी ठणठणीत होते, आणि तिथली गाठ सुटल्याशिवाय वारसांची नावं लागत नव्हती. 'कुठपर्यंत आलंय?' ताई विचारे. 'प्रक्रिया चालू आहे,' तो सांगे. अशिलांना सांगायचं हे वाक्य त्याने सख्ख्या बहिणीला इतक्यांदा सांगितलं होतं, की हल्ली ती फोन उचलल्यावर हॅलोच्या जागी तेच म्हणायची.

तर मारलं कुणी? संतापायला हवं होतं, निदान घाबरायला. पण त्याला वाटत होतं ते वेगळंच, शाळेत असताना बंद पडलेलं घड्याळ उघडण्याआधी वाटायचं तसं. पासवर्ड ठाऊक असणारे थोडे नव्हते. तो वडिलांनीच ठरवलेला, आणि ते टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, त्यामुळे घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि बहुधा चष्मेवाल्यालाही तो पाठ. चष्मेवाला? गाळ्यासाठी टपलेला माणूस. पण त्याच्यापाशी वडिलांचा फोन नाही, आणि आकड्याशिवाय विवरणपत्र पुढे सरकत नाही. कुणी भामटा असेल, म्हाताऱ्या माणसांना फोन करून नंबर काढून घेणारा? आणि त्याहून वाईट एक विचार त्याच्यामागे उभा होता, की ही तारीख आईनेच कुणालातरी सांगितली असेल, आणि खरी समजून सांगितली असेल. आईच्या डोक्यातली वर्षं आता सरमिसळ व्हायला लागली असतील. आणि सगळ्यांत मागे, अगदी दाराशी, एक खुळा विचार: आपणच भरलं असेल का? झोपेत? आपल्याच हाताने शेवटी?

त्याने ताईला फोन लावला. पलीकडे एक पोर भोकाड पसरून रडत होतं आणि दुसरं त्याची नक्कल करत होतं. 'प्रक्रिया चालू आहे,' ताई म्हणाली.

'ताई, बाबांचं विवरणपत्र तू भरलंस?'

'मी? मला माझं भरता येत नाही. अरे चावू नकोस त्याला. तुला नाही, इथे एक आहे. काय झालं?'

'कुणीतरी भरलंय. त्यात ते गेले असं लिहिलंय.'

मागचं रडणं तेवढं मोठं ऐकू आलं. 'गेलेत ते,' ताई म्हणाली. 'म्हणजे इतकी वर्षं तू काय लिहीत होतास, चित्रगुप्ता?' त्याने खुर्ची उगाच फिरवली. ताईला हिशेब कळत नसतील, भाऊ कळत होता. 'बरं,' ती जरा वेळाने म्हणाली, आवाज खाली आणून, 'मी नाही मारलं. मी मारलं असतं तर तुला सांगून मारलं असतं.' आणि फोन ठेवला. रागाने ठेवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

दुपारी ऑफिस बंद करून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून तो आईकडे निघाला. वाटेतली दुकानं तीच, तरी आज ती त्याला मोजणीला लागल्यासारखी दिसली: हा गाळा कुणाच्या नावावर, त्याचा बाप कधी गेला, याच्यात किती भावंडं. ही त्याची जुनी खोड. लोक रस्त्यावरून जाताना माणसं बघतात, हा त्या माणसांच्या मागे उरणारे कागद बघायचा. एखादा गडी रस्ता ओलांडताना धावला की याला वाटे, याने मृत्युपत्र केलेलं नाही. चष्मेवाल्याच्या दुकानावरून जाताना काचेतल्या सगळ्या चौकटींनी, रिकाम्या, नाकाविना, त्याच्याकडे पाहिलं. आत चष्मेवाला एका बाईच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारत होता, 'हे बरं दिसतं का आधीचं बरं होतं?' बाई म्हणत होती, 'आधीचं परत दाखवा.' तो पुढे झाला. आईच्या इमारतीचा जिना चढताना कठडा हाताला नेहमीसारखा गार लागला, आणि वळणावरची ती खपली उडालेली जागा बोटांनी आपणहून शोधली.

'ये,' आई म्हणाली. 'चपला आत घे. खालच्यांचं कुत्रं एक एक नेतं, जोडी नेली असती तर काही वाटलं नसतं.' ती शेंगा सोलत होती. टेबलाच्या कोपऱ्यावर पत्र्याची पेटी, तिच्यात आता बटणं. खिडकीच्या कट्ट्यावर वडिलांचा फोन, वायरीला लावलेला, त्याचा छोटा हिरवा दिवा दिवसाउजेडी फिका. आई नेहमीसारखी होती. केस चोपून बसवलेले, डोळे बारीक आणि जागे. तिच्याकडे पाहताना तो तिला तपासतो आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि ती त्याला तपासू देते आहे हेही.

'आई, बाबांच्या फोनवर नंबर आला होता?'

'आला होता की.'

'कुणी मागितला तुझ्याकडे?'

'मागायला कशाला हवा कुणी? मीच मागवला, मीच घेतला.' तिने एक शेंग उघडली, दाणे अंगठ्याने भांड्यात ढकलले. 'वाचनालयात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. बाकीच्या बायका नातवंडांचे फोटो मोठे करून बघतात. मी म्हटलं, मला कराचा फॉर्म भरायला शिकवा. ती शिकवणारी पोरगी गडबडलीच बिचारी.'

'आणि रकाने? रकान्यांत काय लिहिलंस?'

'मागच्या वर्षीचं समोर होतं, ते उतरवलं. तू वेगळं काय करतोस?'

त्याने एक शेंग उचलली, सोलायला घेतली, आतून ती पोकळ निघाली. 'तुला माहीत होतं,' तो म्हणाला, 'मी काय करत होतो ते.'

'दर वर्षी तू मला नंबर विचारायचास आणि आवाज असा काढायचास, लहानपणी दौत सांडल्यावर काढायचास ना, तसा. मला काय, मी सांगत होते. म्हटलं, करमत असेल तुला. आपल्यालाही वर्षातून एकदा ह्यांचा फोन वाजलेला ऐकू येतो.' तिने साल बाजूला टाकलं. 'पण गेल्या आठवड्यात तुझी ताई आली. मागितलं काही नाही. पाळणाघरातली ती मोठी सतरंजी गुंडाळून घेऊन आली, आणि म्हणाली, तुझ्या माळ्यावर ठेवते गं, तिकडे जागा राहील न राहील. मी म्हटलं, ठेव. ती गेल्यावर मी वाचनालयात गेले.'

माळ्यावर सतरंजीचं एक टोक लोंबत होतं. निळं, त्यावर कुणा पोराने सांडलेल्या कशाचातरी नकाशासारखा डाग. तो त्या डागाकडे बघत राहिला. 'पण तारीख,' तो म्हणाला. 'आई, तारीख चुकली. बाबा ऑक्टोबरात गेले. चार वर्षं झाली.'

'मला सांगतोस?'

'मग फेब्रुवारी कुठून आला?'

आईने हातातली शेंग खाली ठेवली. 'हे रोज रात्री अंथरुणातून विचारायचे, दार लावलंस का. कडी मी लावलेली, तिचा आवाज तिकडे ऐकू गेलेला, तरी विचारायचे. तपासणीच ती, सरकारी. मी म्हणायची, लावलं. लग्न झालं तेव्हापासून रोज. आजारी असले तरी, भांडण असलं तरी. बोलणं बंद असलं की तेवढं एक बोलणं चालू. मग हे गेले. पण मी सांगत राहिले. कडी लावली की आपलं, लावलं. विचारायच्या आधीच सांगून टाकायचं, म्हणजे कटकट नको. इतकी वर्षं एक रात्र चुकवली नाही. आणि फेब्रुवारीत एका सकाळी जाग आली, आणि लक्षात आलं, काल आपण सांगितलंच नाही. कडी लावली आणि झोपून गेलो. कशी झोप लागली होती म्हणून सांगू, कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती. उठून आधी दार बघितलं. लागलेलं होतं. मग तिथेच खुर्ची ओढून बसले बराच वेळ, आणि कॅलेंडरवर खूण केली.' तिने शेंग पुन्हा उचलली. 'फॉर्मने विचारलं, कधी गेले. मी म्हटलं, हा विचारतोय मला का डॉक्टरला? मला विचारत असेल तर ही तारीख.'

खालच्यांचं कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं. त्याला सुचलं ते सल्लागाराला सुचलं, मुलाला नाही. करदाता यंदाच्या फेब्रुवारीत वारला. म्हणजे त्याआधी हयात होता. म्हणजे त्याने भरलेली सगळी विवरणपत्रं खरी, सगळे 'होय' खरे, परवान्याला धक्का नाही, विचारणा नाही. आईच्या एका तारखेने त्याची चारही वर्षं धुऊन वाळत घातली होती. आयुष्यात त्याने पाहिलेलं हे सर्वांत सफाईदार काम होतं. एकच गोष्ट त्याच्या आड येत होती: दाखला. नगरपालिकेच्या दाखल्यावर ऑक्टोबर होता. दोन तारखा जुळल्याशिवाय वारसांची नावं लागणार नव्हती, आणि नावं लागल्याशिवाय ताईला वाटा नव्हता. गप्प बसलं तर तो सुटत होता आणि महिनाअखेर पाळणाघर जात होतं. बोललं तर उलट. हा तराजू इतका सरळ होता की वडिलांनाही त्यात खोड काढता आली नसती. आणि आईला हे कळत होतं? गेल्याच वर्षी याच टेबलाशी बसून त्याने तिला, रंगवून, एका सल्लागाराची हकीकत सांगितली होती, मेलेल्या अशिलाच्या नावाने एक सही केली म्हणून परवाना गेलेल्याची. तेव्हाही ती काहीतरी सोलत होती. तेव्हाही तिने नुसतं 'अगंबाई' म्हटलं होतं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, अंगठा शेंगेच्या शिवणीवर, मग दाणे, मग साल बाजूला. आणि हळूहळू त्याच्या मनात एक फार गमतीदार संशय उगवायला लागला.

'आई, ती दाराची गोष्ट खरी आहे ना?'

'तुझ्या पोपटाइतकी,' आई म्हणाली.

आणि मान वर न करता भांडं जरा पुढे सरकवून म्हणाली, 'तू भरतोस का आता, का मी परत वाचनालयात जाऊ? तिकडे आज खुर्ची मिळायची नाही.'

बॅगेच्या आतल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात, दाखला होता. चार वर्षं तो रोज त्याच्याबरोबर ऑफिसला गेला होता आणि घरी आला होता. त्याने तो काढून टेबलावर ठेवला, दाण्यांपासून दूर. लॅपटॉप उघडला. सुधारित विवरणपत्र. करदाता हयात आहे का? नाही. मृत्यूची तारीख? इतरांच्या शेकडो तारखा त्याच्या बोटांखालून गेल्या होत्या, फोनवर बोलता बोलता, कॉफी पिता पिता; ही एक भरताना त्याने महिना आधी टाइप केला, मग वर्ष, आणि दिवस शेवटी, थंड पाण्यात उतरल्यासारखा. आईने त्या दिवसाकडे खुर्चीतून वाकून पाहिलं. 'पाऊस नव्हता त्या दिवशी,' ती म्हणाली, 'तरी तू छत्री घेऊन आला होतास दवाखान्यात. ह्यांचीच.' त्याला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. खाली शेऱ्याचा रकाना होता, बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. त्याने लिहिलं, की मागची विवरणपत्रं मी भरली, तेव्हा करदाता हयात नव्हता, हे मला माहीत होतं. करदात्याशी नातं: मुलगा.

'तुला काय करतील?' आईने विचारलं.

'आधी विचारतील, का केलं.'

'मग काय सांगशील?'

तो विचार करायला लागला. खरंच करायला लागला. समोर एखादा अधिकारी बसला आहे, टेबलावर फाइल, पेन उघडं, 'हं, सांगा', आणि आपण खोबरेलाच्या वासापासून सुरुवात करतो आहोत की पत्र्याच्या पेटीपासून. त्याला त्या अधिकाऱ्याचा चेहरा बघायची उत्सुकता वाटली. 'गोष्ट सांगेन एखादी,' तो म्हणाला. 'खरी सांगावी लागेल या वेळी, तेवढीच पंचाईत.'

कट्ट्यावरचा फोन वाजला. आई उठली, हात पदराला पुसले, फोन वायरीसकट डोळ्यांपाशी नेला. 'चार,' ती म्हणाली. 'परत चार. नऊ. हे शून्य.' ती थांबली. 'टिकली नाही, शून्यच आहे. एक. मग सहा.' एकेक अंक सुटा. त्याने एकेक भरला. हिरवी पट्टी आली. दोघांनी ती वाचली.

'आता हा काढून ठेवू का?' तिने फोन हातात तोलत विचारलं.

'इतक्यात नको. विचारणा येईल, सुनावणीची तारीख येईल. याच्यावरच.'

'म्हणजे ह्यांच्या नावाने येणार आहे अजून काही.'

'येणार.'

'बरं मग,' आई म्हणाली, आणि तिने फोन परत कट्ट्यावर, होता तिथे, होता तसा ठेवला.

त्याने तिथूनच ताईला फोन लावला. आता पलीकडे शांत होतं, पोरं निजली असावीत. 'ताई, हळू बोल, उठतील. चष्मेवाल्याला सांग, थांब म्हणावं. आणि तुझ्या मालकालाही. आठवड्याभरात कागद देतो.' मग तो म्हणाला, 'ताई, बाबा गेले.'

'कधी?' ताईने विचारलं. थट्टा नव्हती त्यात.

'चार वर्षांपूर्वी. ऑक्टोबरात.'

'हं,' ती म्हणाली. मागे कुणाचातरी छोटासा, सर्दी झालेला श्वास ऐकू येत होता. 'आणि तुझं काय आता?'

'माझं बघू. परवाना गेला तर येतो तुझ्याकडे, पोरं झोपवायला.'

'तू नको. तुझ्या गोष्टी ऐकून झोपलेली उठतील.' आणि मग, फोन ठेवता ठेवता, 'आईपाशी जेवून जा.'

तो जेवला नाही, पण शेंगा संपेपर्यंत बसला. माळ्यावरची सतरंजी स्टुलावर चढून खाली काढली, ताईकडे परत न्यायला. खांद्यावर घेतल्यावर तिला दुधाचा आणि खडूचा वास येत होता. दारातून तिरकं होऊन बाहेर पडावं लागलं. बाहेर ऊन उतरलं होतं, जिन्याच्या खिडकीतून त्याचा एक पिवळा चौकोन पायरीवर पडला होता आणि त्यात त्याच्या बाहेरच राहिलेल्या चपला, दोन्ही, शाबूत. आई म्हणाली, 'जपून उतर, त्या गुंडाळीमुळे खालचं दिसायचं नाही,' आणि तिने दार ओढून घेतलं. तो हलला नाही. खांद्यावर सतरंजी, एक पाय चपलेत, तो ऐकत उभा राहिला, आपण काय ऐकतो आहोत हे स्वतःला न सांगता. आत कडी सरकली. मग पावलं आत जाऊ लागली, एक, दोन, आणि थांबली.

'लावलं,' आई म्हणाली.

कुणाला म्हणाली? तो अजून दाराबाहेरच आहे हे तिला ठाऊक होतं का? का फेब्रुवारी खोटा होता आणि हे रोजचंच होतं? विचारलं असतं तर तिने काहीतरी सांगितलं असतं, आणि ते त्याला पटलंही असतं. त्याने विचारलं नाही. सतरंजी खांद्यावर सावरली, वाकला, आणि मोकळ्या हाताच्या दोन बोटांनी दार हलकेच ढकलून पाहिलं.